माकडाचे चित्र असलेली नोट सरकारने कधी काढलीच नव्हती

लंडनच्या पैजांच्या बोलीत पाचशे पौंडांना ‘मंकी’ आणि पंचवीस पौंडांना ‘पोनी’ म्हणतात. या शब्दांविषयी सर्वत्र फिरणारी कथा अशी, की ब्रिटिश अमदानीत ५०० रुपयांच्या नोटेवर माकडाचे आणि २५ रुपयांच्या नोटेवर तट्टाचे चित्र होते, आणि मायदेशी परतलेल्या गोऱ्या सैनिकांनी ही नावे विलायतेत रुजवली. भारतीय वाचकही ती कौतुकाने पुढे पाठवतात. आपल्या चलनाचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला असताना असे व्हावे, याचा खेद वाटतो.

पहिली अडचण काळाची आहे. हिंदुस्थान सरकारने कागदी चलन आपल्या हाती घेतले ते 1861च्या कायद्याने. त्याच्या दोन वर्षे आधी, 1859 साली, लंडनमध्ये निघालेल्या हॉटन यांच्या बोलीकोशात हे दोन्ही शब्द याच रकमांसाठी, शर्यती आणि पैजा खेळणाऱ्यांचे शब्द म्हणून दिलेले आहेत. ‘पोनी’ तर त्याहून जुना आहे. 1811च्या एका बोलीकोशात त्याचा अर्थ नुसता ‘पैसा’ असा दिला आहे, जो आज लोप पावला आहे.

यावर कोणी म्हणेल, की सरकारी नोटांपूर्वी खासगी आणि इलाख्यांच्या बँकांच्या नोटा होत्याच. ते खरे आहे. कलकत्त्याच्या बँक ऑफ हिंदुस्थानची सुरुवात 1770ची, परंतु अशा नोटांचा वावर मुख्यतः त्या शहरात आणि त्याच्या आसपास होता. पुढे बँक ऑफ बेंगालच्या नोटांवर व्यापाराचे प्रतीक असलेली, धक्क्यावर बसलेली स्त्री आली. 1840च्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाऊन हॉल आणि एल्फिन्स्टन व माल्कम हे गव्हर्नर दिसतात, तर मद्रासच्या बँकेने तिथले गव्हर्नर मन्रो यांना स्थान दिले. सत्ता, व्यापार आणि पत यांचा विश्वास ज्या कागदाने द्यायचा, त्यासाठी त्या बँकांनी निवडलेली ही चित्रे आहेत.

सरकारी नोटांची गोष्टही वेगळी नाही. 1861च्या मालिकेवर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र आणि दोन भाषांतील मजकूर होता. बनावट नोटा वाढल्यामुळे 1867पासून ती मालिका मागे घेऊन नक्षीदार रंगीत पार्श्वभूमीच्या नोटा काढल्या गेल्या, आणि 1923पासून पंचम जॉर्ज यांची छबी आली. शिवाय २५ रुपयांची सरकारी नोट कधी निघालीच नाही. मुंबईत फोर्ट भागातल्या रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात या मालिका पाहता येतात.

रकमांचा मेळही बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई, म्हणजे ५०० रुपयांचे जेमतेम ५० पौंड होत आणि २५ रुपयांचे अडीच. मग त्याच नावाने लंडनमध्ये दहापट रक्कम का मोजली जावी, हे कथा सांगत नाही. रुपयाचा आकडा तेवढा उचलला आणि त्याला पौंड जोडले, असे मानावे, तर ज्यांचा पगारच रुपयांत होत असे त्या सैनिकांना दोन्ही चलनांतला फरक कळत नव्हता, असेही मानावे लागेल.

आणि हे सैनिक कोणते? साध्या गोऱ्या शिपायाचा रोजचा पगार एक शिलिंग होता, म्हणजे ५०० रुपये ही त्याची जवळजवळ तीन वर्षांची कमाई. ज्या नोटेचा त्याच्या हाताशी क्वचितच संबंध येणार, तिच्यावरून बराकीत रोजच्या बोलण्यातला शब्द तयार होणे अवघड आहे. बराकीतून जे शब्द खरोखर विलायतेत गेले, ते ‘पक्का’ आणि ‘विलायती’पासून झालेला, मायदेश या अर्थाचा ‘ब्लायटी’ यांसारखे, रोज कानावर पडणारे आणि आपला हिंदुस्थानी आवाज राखून गेलेले आहेत. ‘मंकी’ आणि ‘पोनी’ मात्र शर्यतीच्या मैदानावर, जिथे पंचवीस आणि पाचशेच्या पैजा प्रत्यक्ष लागत, तिथल्या पैजा खेळणाऱ्यांच्या तोंडी आढळतात.