लोकर म्हणून विकताय ना, मग लोकरच द्या!

डोकं फिरलंय माझं. लडीवर झोकदार अक्षरात छापलंय ‘भरतकामाची लोकर’. रंगाचा नंबर ठळक, पण दोरा कशाचा, पदर किती, जाडी किती, कशाचाच पत्ता नाही. शेवटी एक तुकडा तोडून जाळला. खरी लोकर जळली की जळक्या केसांचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडेल अशी राख उरते. हा दोरा वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरला. अ‍ॅक्रिलिक! रोख पैसे मोजून आणलेला दोरा घरी जाळून ओळखायचा का माणसानं?

बरं, खरी लोकर मिळाली तरी ती निघते विणकामाची. स्वेटरला ताण लागतो, म्हणून ती सैल पिळाची आणि लवचिक करतात. ती कापडावर कशी बसणार? टाका घालताना ताणली जाते, कापड ताणून धरणारी रिंग काढली की आखडते आणि पाकळीभोवती कापडाला चुण्या पडतात. शिवाय लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, त्यामुळे कापडातून दरवेळी ओढताना ती घासते आणि तूस सुटतं. साधी पाकळी लांब-आखूड टाक्यानं भरायला घ्या. पहिले टाके गुबगुबीत बसतात. मग नेढ्यापाशी दोरा झिजायला लागतो, पीळ उलगडतो, आणि पाकळीच्या टोकाला पोचेपर्यंत टाके इतके मरतुकडे होतात की खालचं कापड दिसतं. उसवायला जावं तर तूस कापडात अडकून बसलेलं!

भरतकामाची लोकर वेगळी असते हो. तिचे हे तीन प्रकार बघा. क्रुएलची दोन पदरी, बारीक आणि नीट पिळाची. पर्शियनचे तीन पदर सुटे करून हवे तेवढे घेता येतात. टॅपेस्ट्रीची जाड, जाळीच्या कापडावर भरायची. तिघींची कामं वेगळी, आणि विकणारे तिन्हींवर एकच नाव डकवून मोकळे!

आणि भरतकामाच्या किटमध्ये मिळते ती सुई! सुती दोऱ्याची, बारीक नेढ्याची. लोकरीला टोकदार आणि मोठ्या नेढ्याची शनील सुई लागते, कारण दोरा न घासता जाईल एवढं भोक सुईनंच पाडायचं असतं. सल्लेही सगळे सुती दोऱ्याचेच. ‘चांगला लांब दोरा घे, टोक ओलं करून ओव.’ अहो, लोकर दोन वितींच्या वर घेतली की झिजलीच. आणि ओवायची ती सुईवर दुमडून, घडी चिमटीत घट्ट धरून नेढ्यात सरकवायची. एवढी एक ओळ छापायला काय जातं?

फ्रान्समधल्या बायो गावची ती प्रसिद्ध टॅपेस्ट्री ११व्या शतकातली. नाव टॅपेस्ट्री, पण आहे भरतकामच. लिननवर लोकरीनं भरलेली, जवळपास ७० मीटर लांब, आणि आजही टाके जागेवर आहेत. म्हणजे लोकर टिकते, शोभते, भरताही येते. पण नव्यानं शिकणारी मुलगी हा भंगार दोरा घेऊन बसते, चार टाक्यांत गुंता होतो, आणि ‘माझा हातच वाईट’ म्हणून रिंग माळ्यावर टाकते. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. तिच्या हाताला काहीही झालेलं नाही! लडीवर लिहा की हे अ‍ॅक्रिलिक आहे. पदर लिहा, सुईचा नंबर लिहा. ते जमत नसेल तर ‘भरतकामाची’ हा शब्द तरी आधी खोडा.