आत्याचा प्रश्न कापला

काल, १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, संध्याकाळी सहा वाजता विधानसभेचा प्रचार थांबला आणि आज सकाळी माझ्या ८१ वर्षांच्या आत्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. चाळीस सेकंदांचा. पार्श्वसंगीत, उमेदवाराच्या डोक्यावर आत्याचा थरथरता हात आणि खाली पक्षाचे चिन्ह.

गेल्या आठवड्यात हे महाशय आमच्या गावच्या घरी आले, तेव्हा मी पुण्यातून फेसबुक लाइव्ह पाहत होतो. स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो म्हणून आत्याला आधीच ओसरीवर आणून बसवले होते. पाया पडण्यापूर्वी त्यांनी मागे वळून मोबाइल धरणाऱ्या मुलाकडे पाहिले. आत्याने आशीर्वाद दिला आणि लगेच विचारले, "बाबा, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, त्याचं काय करणार?" ते लाइव्ह आता त्यांच्या पानावर नाही. आजच्या व्हिडिओत आशीर्वाद आहे, प्रश्न नाही.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतदाराला शांतपणे विचार करता यावा, म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२६ आहे. भोंगे थांबले, पण खिशातला भोंगा सुरूच राहिला. उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत समाजमाध्यमांवरचा प्रचारही धरायचा असतो. मग 'समर्थक' नावाच्या पानांवरून फिरणाऱ्या अशा चित्रफितींचा खर्च कोणाच्या खात्यात लिहायचा? आणि माझ्या आत्याला विचारले कोणी? तिचे घर म्हणजे यांचा स्टुडिओ आहे का?

२०१९ साली राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे भर सभेत दाखवली, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि २०२२ मध्ये कोरोनामुळे सभांवर बंदी आली तेव्हा गोव्यातल्या उमेदवारांना मोबाइलचा आधार होता, हे मान्य. परंतु जो नेता लाइव्हवर 'थेट जनतेशी संवाद' म्हणतो, त्याने जनतेचे वाक्य कापू नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

दुपारी आत्याला फोन केला. माझा राग तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. एवढा मोठा माणूस दारात येऊन पाया पडला, याचे तिला खरेच अप्रूप आहे, आणि ते मला हिरावून घ्यायचे नाही. शेजारच्या मुलीने तिला तो व्हिडिओ दाखवला होता, पण आवाज नीट ऐकू आला नव्हता.

"अरे, माझं पाण्याचं आलं का रे त्यात?" तिने विचारले.

उद्या मतदानाला गावी जातो आहे. तिच्याजवळ बसूनच सांगेन.