कापराच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो मेसेज घरोघर पोचला आणि अजूनही सर्दी-तापाची साथ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकतंच. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाचे दोन-चार थेंब फडक्यात बांधा, दिवसभर हुंगत राहा, ऑक्सिजनची पातळी वाढते. लडाखमध्ये पर्यटकांना हीच पुरचुंडी देतात, अ‍ॅम्ब्युलन्समध्येही ठेवतात. शिवाय घरगुती उपाय, म्हणजे अपाय काही नाही.

त्या एप्रिलमध्ये माझ्या मामांनी ही पुरचुंडी दीड दिवस नाकाशी धरली होती. ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. "नाक बघ कसं मोकळं झालंय, बरं वाटतंय आता," असं ते फोनवर सांगत होते आणि आम्हीही त्यावर विश्वास ठेवला. दवाखान्यात नेलं तेव्हा आकडा ८४ होता. म्हणून यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी नाकाचं बघू, कारण फसगत तिथेच होते. कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे अगदी खरं आहे. पण वाटणं आणि होणं यांत फरक आहे. १९८३ साली कार्डिफच्या संशोधकांनी ३१ जणांना या तिन्हींच्या वाफा हुंगायला दिल्या आणि नाकातून हवा जाताना किती अडथळा होतो हे यंत्राने मोजलं. अडथळ्यात म्हणावा असा फरक पडला नाही. बहुतेकांना मात्र नाकात गारवा जाणवला आणि श्वास सुटल्यासारखा वाटला. निलगिरी आणि पुदिन्यातली द्रव्यं नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. गार हवा आत गेल्यावर जो निरोप मेंदूला जातो, तोच निरोप हवा न वाढताही जातो. त्यात वासाची वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत थेट जाते. आजीने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली असेल, तर त्या वासाने जिवाला बरं वाटणारच. सर्दीत ते सुख घ्यावं, माझी काहीच तक्रार नाही. न्यूमोनियात मात्र हेच बरं वाटणं घात करतं.

कारण तिथे अडचण नाकात नसते. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या सुजतात, द्रवाने भरतात आणि ऑक्सिजनला रक्तापर्यंत पोचायला वाट उरत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पुरचुंडी धरा की न धरा. कापूर, लवंग, ओवा, निलगिरी यांतलं एकही द्रव्य श्वासात ऑक्सिजन सोडत नाही की त्या भरलेल्या पिशव्या मोकळ्या करत नाही.

"पण आमचा आकडा खरंच वाढला!" हेही ऐकलंय. पुरचुंडी हुंगताना माणूस ताठ बसतो आणि सावकाश, खोल श्वास घेतो. तेवढ्यानेही आकडा एक-दोनने हलू शकतो. बोट गार असेल, नखाला गडद रंग असेल, हात हलला असेल, तर यंत्र आधी कमी दाखवून मग नीट दाखवतं. श्रेय पुरचुंडीला मिळतं.

लडाखचं ऐका. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणून एका श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. दाब कापराने वाढत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पहिले दोन दिवस विश्रांती घेणं, टप्प्याटप्प्याने वर जाणं, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेणं आणि त्रास वाढला तर ऑक्सिजन लावून खाली उतरणं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कुणी पुरचुंडी ठेवली असेलही. रुग्णाला जगवतो तो तिथला सिलिंडर.

राहिलं "अपाय काही नाही". हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. कापूर मेंदूला उत्तेजित करतो आणि जास्त झाला तर झटके आणतो. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी चार वर्षांत असे ५५ प्रौढ रुग्ण नोंदवले, ज्यांच्या झटक्यांचा संबंध कापूर किंवा निलगिरी असलेल्या तेला-बामांशी लागला. त्यांतल्या २२ जणांना आधी अपस्मार नव्हता. बाकीच्यांचा अपस्मार यामुळे उफाळून आला. दम्याच्या रुग्णाला उग्र वासाने धाप लागू शकते. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी ही पुरचुंडी कधीही धरू नका, उशीखालीही ठेवू नका: त्यांचा श्वास अडखळू शकतो. कापराच्या बामावर दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वापरू नये असं छापलेलं असतं, ते याचसाठी. देवघरातल्या कापराच्या वड्या रांगत्या मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत. एक ग्रॅमभर कापूर पोटात गेला तरी लहान मुलाच्या जिवावर बेततं.

आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करायचा आणि मदत येईपर्यंत, जमत असेल तर, पालथं झोपायचं. एप्रिल २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयानेही पालथं झोपण्याचं हेच सांगितलं होतं. त्याने फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात हवा पोचायला मदत होते.

मामांना वॉर्डात पहिल्यांदा हेच करायला लावलं. ऑक्सिजन लावला, छातीखाली उशी देऊन पालथं झोपवलं. तासाभरात आकडा ८४ वरून ९२ वर आला. पुरचुंडी तेव्हा खुर्चीवर टाकलेल्या शर्टाच्या खिशात होती.