‘निम्मा आजार मनातच असतो’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज फिरून फिरून येतो: ‘निम्मा आजार मनातच असतो. हिंमत ठेवणारा कॅन्सरलाही हरवतो. पेशंटसमोर आजाराचा विषय काढू नका. रडला तर डिप्रेशन समजा, गोळी सुरू करा.’ खाली जोडलेले हात. माझे मामा डायलिसिसवर आहेत, म्हणून या वेळी गप्प बसवेना.

हिंमतीचं आधी. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मन किती उभारीत आहे याचा आणि माणूस किती जगतो याचा त्यात संबंध सापडला नाही. उलट या मेसेजमुळे तब्येत ढासळली की खापर रुग्णावरच फुटतं. मामांनी मला विचारलंच, ‘माझंच काय कमी पडायलंय का बे?’

आता डिप्रेशन. मामांची उमर सोलापूरच्या पूर्व भागात चादरींच्या मागावर गेली. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास सुया टोचून पडायचं. तरी शेजारच्या बेडवाल्याच्या विनोदाला खळखळून हसतात, नात आली की खुलतात. पण ‘संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जाऊ’ म्हटलं की भिंतीकडे बघतात. ‘काय करावं तेच कळंना.’ डिप्रेशनमध्ये समोरच्या गोष्टीतली गोडीच जाते. नुसत्या खचलेल्या माणसाला मात्र आजचं हसू येतं, उद्याचं काही दिसत नाही आणि आपल्या हातून काही होईल असं वाटत नाही. किसेन आणि क्लार्क या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही खचण्याची अवस्था डिप्रेशनपासून वेगळी मांडली. दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून गोळीला मी नावं ठेवत नाही. ते डॉक्टरांनी ठरवावं, ग्रुपनं नव्हे. आणि डिप्रेशन नसलं तरी खचलेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार येऊ शकतात. तसं बोलणं कानावर आलं तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

‘विषय काढू नका’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला. ग्रिफिथ आणि गॅबी यांनी २००५ मध्ये रुग्णाच्या खाटेशी बसून विचारायचे साधे प्रश्न लिहिले आहेत. त्याच धर्तीवर मी विचारलं, ‘मामा, यात सगळ्यात जड काय जातंय?’ मला वाटलं, सुया म्हणतील. नाहीतर बंद झालेली शेंगाचटणी. म्हणाले, ‘तुम्ही सगळे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलता. जसा मी नाहीच तिथं.’

खरं होतं ते. रिपोर्ट आम्ही बाहेर पॅसेजमध्ये वाचायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विनंती केली, जे सांगायचं ते थेट मामांना सांगा. वजनाची आणि पाण्याची वही माझ्याकडून त्यांच्याकडे गेली. आता कोणत्या दिवशी किती पाणी झालं ते मलाच दटावून सांगतात.

परवा बेडवरची चादर बोटांनी चाचपत होते. मला वाटलं, अस्वस्थ आहेत. सिस्टरला हाक मारून म्हणाले, ‘ह्याचा उभा धागा तुटलाय. कोणत्या कारखान्याचा माल आहे हा?’