आईने दिलेले गुण

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर फराळाच्या छायाचित्रांमागोमाग बडोद्याहून दादाचा एक निरोप आला : "आईच शिक्षिका, आईच परीक्षक, आईच मुख्याध्यापक. मग पैकीच्या पैकी गुण मिळाले तर नवल कसले?" दादा चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला आहे. विषय होता आमची भाची. ताईने तिला सहावीनंतर शाळेतून काढले, घरीच शिकवले, आणि आता ती अमेरिकेतल्या अशा कॉलेजांकडे अर्ज करते आहे, की जी शंभरातल्या पाचांनाही दारात उभे करत नाहीत.

मी पेनसिल्व्हेनियात सत्तावीस वर्षे राहतो आहे. बडोद्यातल्या वादात पडायचे नाही असा माझा नियम आहे आणि तो मी दर दिवाळीला मोडतो. या वेळी तो मोडण्याचे खरे कारण दादाचा दुसरा निरोप ठरला. ज्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या गावात आता मुलींना शाळेतून काढायची फॅशन आली का, असे त्याने विचारले होते. मी रात्री एक वाजता उत्तर लिहिले की १८७५ साली कवळाण्याहून आणलेल्या बारा वर्षांच्या मुलाला, म्हणजे खुद्द सयाजीरावांना, इलियट नावाचा खास शिक्षक नेमून शिकवले गेले. तो कोणत्या शाळेच्या हजेरीपटावर होता, ते दादाने सांगावे. ताईने त्यावर हसरा चेहरा टाकला आणि मला फार बरे वाटले. सकाळी कॉफी पिताना मात्र जाणवले, की मी वकिलासारखे बोललो होतो. राजाच्या दत्तक मुलासाठी दरबार शिक्षक नेमतो. ती सक्ती ज्यांच्यासाठी होती, त्या पोरांना घरी कोणी शिकवणारे नव्हते म्हणूनच ती होती. अर्थात हे मी गटावर लिहिले नाही.

मला खटकते ते दादाचे मत नव्हे, त्यामागची समजूत खटकते. अमेरिकन कॉलेजे भोळी आहेत, आईने छापलेली गुणपत्रिका पाहून भुलतात, असे बडोद्यात पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवण्याची सोय असलेल्या कॉमन ॲपच्या अर्जात शाळेच्या समुपदेशकाची जी जागा असते, ती घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत बहुधा आईच भरते. अभ्यासक्रमाची यादी, गुणांची पद्धत, घरी का शिकवले याचे कारण, सारे तीच लिहिते. पण ते वाचणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते, की आईच्या 'ए'ला आईच्या लाडूइतकेच वजन आहे. म्हणून ते बाहेरचे साक्षीदार मागतात. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण, मे महिन्यात होणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षा, घराबाहेरच्या शिक्षकांची पत्रे, एखादे काम जे आईशिवाय दुसऱ्या कोणी पाहिलेले आहे. एमआयटीने महासाथीत ऐच्छिक केलेली एसएटीसारखी परीक्षा २०२२ साली पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डनेही २०२४ साली तेच केले. घरी शिकणाऱ्यांना त्याचे दुःख व्हायचे कारण नव्हते, कारण तीच तर त्यांची पहिली साक्ष असते. २०१६ साली मुंबईची एक मुलगी बारावी न करता एमआयटीत गेली, तेव्हा आपल्याकडे 'शाळेविना एमआयटी' असे मथळे आले. तिच्या नावावर आंतरराष्ट्रीय संगणकशास्त्र ऑलिम्पियाडची तीन पदके होती, हे मथळ्यांखाली दडपले गेले.

भाचीकडे पदके नाहीत. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी आहे, बारावी ती तिथूनच देणार आहे. म्हणजे 'कागदच नाही' हा दादाचा आक्षेपही टिकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा त्याने काढलेला मुद्दा मी सोडून देतो. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्यात म्हटले आहे खरे, पण चौदाव्या वर्षानंतर तो तिला लागूच होत नाही.

मग मी शेजारचे उदाहरण दिले. आमच्या शेजारची तिन्ही मुले घरीच शिकतात. त्यांची आई वर्षभराच्या कामाची फाइल मूल्यमापकाला दाखवते, त्याचा दाखला ३० जूनच्या आत डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे जातो, आणि थोरला मुलगा त्याच डिस्ट्रिक्टच्या क्रॉस-कंट्री संघातून धावतो. इथे या गोष्टीकडे कोणी वळूनही पाहत नाही, असे मी जरा ऐटीतच लिहिले. माझी स्वतःची दोन्ही मुले बारा वर्षे पिवळ्या बसने शाळेत गेली, आणि हे घर आम्ही ऐपतीपेक्षा महाग पडत असतानाही केवळ त्या शाळेसाठी घेतले, हे लिहायचे राहून गेले. खरे तर राहून गेले नाही, मी ते लिहिले नाही. ताईने जे केले ते करण्याची माझी छाती झाली नसती.

शेजारच्या मुलाला संघ आहे, प्रशिक्षक आहे, कम्युनिटी कॉलेजात दोन विषय घेण्याची सोय आहे. साक्षीदार त्याला घरबसल्या मिळतात. बडोद्यातल्या मुलीला ते एकेक करून जमवावे लागतात. विद्यापीठातल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे ती दोन वर्षे संख्याशास्त्र शिकली. त्यांनी प्रेमाने पत्र लिहिले, की मुलगी सालस, आज्ञाधारक व कष्टाळू आहे. इथला वाचणारा त्यातून एवढेच समजेल की यांना हिच्याविषयी सांगण्यासारखे काही आठवत नाही. मी ताईला म्हटले, त्यांना एखादा प्रसंग लिहायला सांग. ताई म्हणाली, "अरे, सरांना कसे सांगू मी?" ते मला समजले. मलाही सांगता आले नसते.

पैशांचा भाग तर दादाने काढलाही नव्हता, आणि तोच सर्वांत कठीण आहे. खासगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तरी निवड करताना त्याकडे न पाहणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारखी कॉलेजे मोजकीच. बाकीच्यांकडे मदत मागणे म्हणजे आपणच आपले दार थोडे लोटून घेणे. सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंड देऊन कोलंबियाला पाठवले, तसे पाठवणारा आता बडोद्यात कोणी नाही, असे मी लिहिले. 'तू आहेस की,' असे कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

मी मदत केली ती अर्जातल्या निबंधाची. साडेसहाशे शब्दांत स्वतःला सांगायचे असते. मी तिला सुचवले, की दांडिया बाजार लिही, सुरसागर लिही, आजीच्या घरातले मराठी आणि रस्त्यावरची गुजराती लिही. कलाभवनातून इंजिनियर होऊन बाहेर पडलेल्या माणसाला जे आठवते ते सारे मी तिच्या मसुद्यात घातले. तिने सगळे खोडून परत पाठवले. "मामा, तो दांडिया बाजार तुझा आहे. आम्ही वासणा रोडला राहतो. आणि माझ्या बडोद्यात मगरी आहेत." ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हापासून कोणत्या पुलाखाली किती दिसल्या याची ती वही ठेवते आहे. मी तिच्याशी दर रविवारी बोलत होतो आणि मला त्या वहीचा पत्ता नव्हता. साक्षीदार म्हणून मला उभे केले असते, तर मी कोणा दुसऱ्याच मुलीविषयी बोललो असतो.

आणि दादा. गटावरचे जुने निरोप चाळताना माझ्या ध्यानात आले, की 'आईच परीक्षक' हे वाक्य येण्याच्या आदल्या दिवशी मीच ताईला उत्तर दिले होते : शिफारसपत्र नातेवाइकाचे चालत नाही. तीन वर्षे दर रविवारी सकाळी भाचीला कॅल्क्युलस शिकवले ते दादाने. चौतीस वर्षे ज्याच्या सहीने मुले वरच्या वर्गात गेली, त्याची सही या एका मुलीसाठी निरुपयोगी असल्याचे मी दोन ओळींत कळवून टाकले होते.

मी ताईला फोन करून सांगितले, की पत्र नसले तरी अभ्यासक्रमाच्या वर्णनात प्रत्येक विषयापुढे शिकवणाऱ्याचे नाव आणि पात्रता लिहिता येते. नाते लपवायचे नाही, मामा म्हणूनच लिहायचे. अर्जाची १ नोव्हेंबरची मुदत तीन दिवसांवर होती. रात्री दादाचा निरोप आला, या वेळी गटावर नव्हे, फक्त मला : "एम.एस्सी. आधी लिहायला सांग, बी.एड. नंतर. ताईने उलटे लिहिले आहे."