‘भिजायचेच आहे, मग कपडे कोणतेही चालतात’: एका लाडक्या गैरसमजाचा प्रतिवाद

पहिल्यांदा कयाकिंगला, म्हणजे कयाक ही लांब अरुंद होडी वल्हवायला, निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर कोणी ना कोणी एक मजकूर हमखास पाठवतो. त्याचा आशय असा: भिजायचेच आहे, तेव्हा घरातले जुने सुती कपडे आणि जीन्स पुरेशी आहे, ऊन असेल तर अंगावर जेवढे कमी तेवढे बरे, पोहता येणाऱ्याने लाइफ जॅकेट पायाशी ठेवले तरी चालते, पायांत काही घालू नये, कारण पाण्याने भरलेले बूट माणसाला तळाशी नेतात, आणि वेटसूट, स्प्रे स्कर्ट (कमरेला घालून कयाकच्या बैठकीचे भोक झाकणारा घेर) वगैरे विदूषकी पेहराव हे विक्रेत्यांनी अलीकडे काढलेले खूळ आहे. मजकूर खुसखुशीत आहे आणि त्यातला थोडा भाग खराही आहे. म्हणूनच तो एकदा नीट तपासायला हवा.

जीन्सपासून सुरुवात करतो, कारण तिचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. शांत तलावात, काठापासून जेमतेम वीस मीटरवर माझी कयाक उलटली. पाण्यात असेपर्यंत जीन्सने काही त्रास दिला नाही. पण उलटलेल्या कयाकवर पोट टेकून चढू लागलो तेव्हा दोन्ही खिसे पखालींसारखे लोंबत होते, गुडघा वाकत नव्हता आणि कापड मांडीला असे चिकटले होते की पाय उचलण्याआधी ते चिमटीत धरून सोडवावे लागत होते. काठावर आल्यावर गारठलेल्या बोटांनी बटण निघेना, तो प्रसंग तर सोबतच्या मंडळींनी आजवर जपून ठेवला आहे. सुताचा तंतू पाणी आत शोषून घेतो, पॉलिस्टरचा जवळपास घेतच नाही. त्यामुळे सुती कापड तासन्‌तास ओले राहते आणि त्यातले पाणी वाफ होऊन उडताना अंगातली ऊब घेऊन जाते. पाणी कोमट आणि हवा तापलेली असेल तेव्हा ओला सुती सदरा सुखद वाटतो, हे मला मान्य आहे. त्या दिवशी तो कोणी घातला तर मी भांडणार नाही. मात्र त्यासाठी जीन्सच हवी असे नाही. धावण्याची किंवा व्यायामाची पातळ पॉलिस्टर विजार बहुतेकांच्या कपाटात असते, आणि ‘घरातले चालते’ हे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे.

उन्हाचा मुद्दा मात्र अर्धाही खरा नाही, आणि तोच सर्वांत घातक आहे. कपडे निवडताना आपण सवयीने हवेकडे पाहतो. कयाकमध्ये बसलेला माणूस हवेत असतो खरा, पण तो पाण्यापासून एका चुकीच्या वल्ह्याइतकाच दूर असतो, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. बर्फ वितळून आलेल्या पाण्याच्या नदीकाठी हवा २५ अंश सेल्सिअस आणि पाणी १० अंश, असा दिवस मुळीच दुर्मीळ नाही. पाणी १५ अंशांहून थंड असेल आणि माणूस त्यात अचानक पडला, तर छाती आपोआप जोराने श्वास ओढते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हा क्रम लक्षात राहावा म्हणून एक, दहा, एक असे आकडे रूढ केले: श्वासावर ताबा मिळवायला सुमारे एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची सुमारे दहा मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपण्याआधी सुमारे एक तास. हे आकडे बर्फगार पाण्याचे आहेत. पण त्यातली मधली दहा मिनिटे वाचली की मला माझे ते जीन्सचे बटण आठवते.

वेटसूट हा अंगाला घट्ट बसणारा पेहराव याच कामासाठी असतो. निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसाळ थरात अडकलेले वायूचे बुडबुडे ऊब धरून ठेवतात. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होऊन तिथेच राहते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी हे ओळखले की माणूस उबदार राहण्यासाठी कोरडा राहायलाच हवा असे नाही. वल्हवणाऱ्यांसाठी बिनबाह्यांचा वेटसूट सोयीचा पडतो, कारण खांदे मोकळे राहतात. शेतकऱ्यांच्या खांद्यावर पट्टे असलेल्या सलग विजारीशी साम्य असल्याने इंग्रजीत त्याला ‘फार्मर जॉन’ असेच नाव पडले आहे. तो अंगावर चढवणे म्हणजे सापाने टाकलेली कात पुन्हा ओढून घेणे होय. वेटसूट पुरणार नाही इतके पाणी थंड असेल तर पाणी आत येऊच न देणारा ड्रायसूट लागतो. तो घातल्यावर उकिडवे बसून, गुडघे छातीशी आवळून, गळ्याची रबरी पट्टी दोन बोटांनी ताणून आतली हवा बाहेर सोडावी लागते. फुस्स असा आवाज होतो आणि आसपासचे लोक वळून पाहतात. हसतील त्यांचे दात दिसतील.

पाणी कोमट असले तरी ‘कमीत कमी कपडे’ हा सल्ला टिकत नाही. कयाकमध्ये सावली नसते, मांड्या आणि हातांचे पंजे तासन्‌तास उन्हाकडे वळलेले असतात. अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचा ५० हा आकडा लिहिलेले कापड त्या किरणांचा पन्नासावा भागच आत येऊ देते, तर पातळ पांढरा सुती सदरा भिजल्यावर त्याहून कितीतरी जास्त किरणे आत सोडतो. म्हणून लांब बाह्यांचा झटपट वाळणारा सदरा आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घालावी. दोरी नसलेली टोपी वारा पहिल्याच झुळकीला घेऊन जातो. रंगही भडक, केशरी किंवा पिवळा असावा. मोटारबोट चालवणाऱ्याला आपण दिसावे एवढाच त्यामागचा हेतू आहे. छायाचित्रात कसे दिसतो हा प्रश्न नंतरचा.

लाइफ जॅकेटवर फार लिहिण्याची गरज नाही. पायाशी ठेवलेले जॅकेट कयाक उलटताच वेगळ्या दिशेने तरंगत जाते, आणि थंड पाण्यात हात चालेनासे झाले की पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक आकडेवारीत हौशी नौकाविहारात बुडून गेलेल्यांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक जणांच्या अंगावर ते नसते.

बुटांविषयीची भीती मात्र चुकीच्या कारणाने आली आहे. बुटात शिरलेले पाणी बाहेरच्या पाण्याइतकेच जड असते, त्यामुळे ते तळाशी ओढत नाही. अडचण होते ती पाय मारताना आणि बाहेर चढताना. चपला तरंगत निघून जातात, अनवाणी पाय शिंपल्यांवर आणि फुटक्या काचांवर पडतो. पातळ तळाचे, पायाला घट्ट बसणारे निओप्रीनचे बूट उत्तम. ते नसतील तर जुने कॅनव्हासचे बूट नाडी आत खोचून वापरावेत.

राहिला आधुनिक खुळाचा आरोप. ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांचा सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ हा टोपीसह अंगरखा चेहरा, मनगटे आणि कयाकच्या बैठकीच्या भोकाची कड एवढ्या ठिकाणी घट्ट आवळला जाई, त्यामुळे उलटलेली कयाक सुलटी करून शिकारी पुढे जाऊ शके. अलास्काजवळच्या अलूशियन बेटांवरचे लोक समुद्री प्राण्यांची आतडी शिवून जलरोधक अंगरखे करीत. टोपी जोडलेल्या अंगरख्याला इंग्रजीत म्हणतात तो ‘अनोरॅक’ हा शब्दही ग्रीनलंडच्याच भाषेतून आला आहे. आजचा स्प्रे स्कर्ट त्या तुइलिकच्या खालच्या भागाचा वारस आहे. तो कमरेला चढवताना पुरुषांना संकोच वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि संकोचापायी घाईघाईने कड ताणून बसवताना पुढचा ओढायचा फास आतच दडपला जातो, हेही पाहिले आहे. कयाक उलटल्यावर स्कर्ट सोडवण्याचा सर्वांत सोपा उपाय तो फासच असतो. म्हणून काठ सोडण्यापूर्वी तो बाहेर आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे आणि एकदा ओढूनही पाहावे.