'सात दिवसांत शरीर साफ': मग आठव्या दिवसाचं काय?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: "सगळी नशा एका दिवसात बंद करा. सात दिवस उपवास, रोज पाच लिटर लिंबूपाणी, घाम निघेस्तोवर व्यायाम. ड्रग्ज शरीराबाहेर पडतात आणि आठव्या दिवशी माणूस पहिल्यासारखा होतो. तरीही मन लागत नसेल तर इच्छाशक्ती कमी पडली." पाठवणाऱ्याला मदतच करायची असेल. पण यातली पहिली ओळ जिवावर बेतू शकते आणि शेवटची ओळ त्याहून खोल घाव करते.

पहिली ओळ आधी घेऊ. एमडी (मेफेड्रोन), कोकेन किंवा गांजा एकदम थांबवला तर त्रास होतो, पण शरीराला तो सहसा झेपतो. दारू आणि अल्प्राझोलम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. या दोन्ही मेंदूला सतत दाबून ठेवतात. दाब अचानक उठला की मेंदू उसळतो. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, थरथर, ताप आणि भ्रम सुरू झाला, तर ती थेट रुग्णालयात नेण्याची वेळ असते. अल्प्राझोलम आठवडेच्या आठवडे रोज घेऊन अचानक सोडली तरी फिटचा धोका असतो. म्हणून डॉक्टर या गोळ्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात: दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण 5 ते 10 टक्के कमी.

घरचे हमखास फसतात ते इथे. 'तो फक्त एमडी घेतो' असं वाटत असतं, पण एमडीनंतर झोप यावी म्हणून रोज रात्री गोळी किंवा क्वार्टर चाललेली असते. एमडी थांबली म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि फिट येते ती गोळीमुळे. त्यामुळे काहीही बंद करण्यापूर्वी विचारायचं ते हे: झोपेसाठी काय घेत होतास?

गर्द किंवा हेरॉइन सोडताना अंगदुखी, जुलाब, उलट्या 8 ते 12 तासांत सुरू होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतात. धडधाकट माणूस त्यात सहसा दगावत नाही. धोका नंतर येतो. आठवडाभरात शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस पुन्हा जुनाच डोस घेतो. तेवढ्यानं श्वास थांबू शकतो. ओठ निळे पडले, घरघर लागली, हलवूनही जाग येत नसेल तर 108 ला फोन करा, श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. गर्द सोडणाऱ्याला डॉक्टर देतात ते ब्यूप्रेनॉर्फिनसारखं औषध म्हणजे 'एक नशा सोडून दुसरी' नव्हे. ते तलफ आटोक्यात ठेवतं आणि असे मृत्यू टाळतं.

आता लिंबूपाणी. एमडी किंवा कोकेनचे अंश लघवीत सहसा दोन-चार दिवसच सापडतात. म्हणजे पाचव्या दिवशी पलंगावरून उठवत नाही, ते 'विष आत राहिलं' म्हणून नव्हे. रोज गांजा ओढणाऱ्याच्या चरबीत साठलेला अंश महिनाभरही लघवीत दिसू शकतो, आणि लिंबानं तो लवकर जात नाही. हे काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. घामाचा वाटा नगण्य. उलट काही न खाता पाच लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि त्यानंही फिट येते. दिवसाला दोन-अडीच लिटर पुरेत. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात.

उपवास तर नकोच. एमडीच्या दिवसांत पोटात काही गेलेलं नसतं. सुरुवात पेज, मऊ वरणभात, अंडं, केळं अशी, थोडं-थोडं, दर तीन तासांनी. पाच-सहा दिवस जवळपास उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट जेवू घातलं तर रक्तातले क्षार कोसळू शकतात, म्हणून त्याची आधी रक्ततपासणी. खूप पिणाऱ्याला घरी ग्लुकोज पाजत बसू नका. त्याला थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) लागतं, बहुधा इंजेक्शननं. छातीत दुखत असेल तर व्यायाम राहू दे, आधी ईसीजी काढा.

राहिला आठवा दिवस. एमडी किंवा कोकेन सुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस झोप आणि भूक यांतच जातात. मग येतो सपाट काळ: आवडीचं गाणं, जेवण, माणसं, कशातच चव नाही. तो आठवडेच्या आठवडे चालतो. मेथॅम्फेटामाइन सोडलेल्या मोजक्या लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामाइनची (आनंदाशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाची) वाहक प्रथिनं बरीच सावरलेली दिसली, पण 12 ते 17 महिन्यांनी. मेंदूत गांजा जिथे चिकटतो ते ग्राही (रिसेप्टर) साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होत जातात. तोवर चिडचिड, तुटक झोप आणि विचित्र स्वप्नं. हे सगळं आठव्या दिवशी होत असेल तर इच्छाशक्ती कमी पडलेली नसते, शरीर आपल्या गतीनं चाललेलं असतं. हे माहीत नसलेला माणूस 'मी कायमचा बिघडलो' असं धरून बसतो. मग तो पुन्हा पुडीकडे वळतो, किंवा त्याच्या मनात मरणाचे विचार येतात. त्याला ते विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. येत असतील तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या त्याच्या हाताशी ठेवू नका आणि 14416 (टेली-मानस) वर बोला. तिथे मराठीत बोलता येतं.

या काळात उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, सकाळचं ऊन घ्या, वीस मिनिटं चाला. झोपेसाठी मेडिकलमधून गोळी आणू नका. उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही हलत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नैराश्याची गोळी चालू असताना ऑनलाइन मिळणारं '5-एचटीपी' हे पूरक घेऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवू नका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार व्यसनाच्या आजाराचा रुग्णही गोपनीयतेचा हक्कदार आहे. ओपीडीत जाताना एका कागदावर लिहून न्या: काय-काय घेत होतो (दारू आणि झोपेच्या गोळ्यांसकट), रोज किती, कधीपासून, आणि शेवटचं किती वाजता. त्यातली शेवटची वेळ डॉक्टरांना सगळ्यात आधी लागते.